कार्पचं तापमान

श्टेपान माताउश जेवायला बसले की आधी कोटाच्या खिशातून चकत्या काढायचे. जाड पुठ्ठ्याच्या गोल चकत्या, बिअरचा मग ठेवायच्या. एकेचाळीस वर्षं त्यांनी गावच्या ब्रुअरीच्या तळघरात काढली होती. निवृत्त होताना लोक घड्याळ घेतात, त्यांनी चकत्यांचं खोकं मागून घेतलं. पत्ते वाटावेत तशा ते त्या वाटायचे. एक स्वतःला, एक मुलीला, शेजारपाजारचा कुणी आला असेल तर एक त्याला. ज्याच्यापुढे चकती त्याचा मग रिकामा राहत नसे. संपला की न विचारता दुसरा येई.

जावयापाशी आलं की मात्र त्यांचा हात थांबायचा. मग कपाटातून नाजूक दांडीचा एक ग्लास निघायचा आणि रादोवानच्या ताटापुढे येऊन बसायचा. "इंजिनियरसाहेबांसाठी वाइन."

हे अठरा वर्षं चाललं होतं.

रादोवान शेबेस्ता हा भूमापन कचेरीतला अत्यंत सरळ माणूस. त्याचा गुन्हा एवढाच, की तो दक्षिण मोराव्हियातल्या, म्हणजे द्राक्षांच्या मुलखातल्या गावात जन्मला होता. आणि लग्न ठरायच्या आधी, पहिल्याच भेटीत, सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने ओतलेल्या बिअरवरचा फेस त्याने फुंकून बाजूला केला होता. चहावरची साय करतात तसा. त्याची बायको ल्युबा सांगते, त्या क्षणी बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिने नंतर एकदाच पाहिलं, ब्रुअरीत पूर आला तेव्हा.

तरी रादोवानने अठरा वर्षं निमूटपणे वाइन प्यायली. माणूस कशाचीही सवय करून घेतो. पण या ऑक्टोबरात, रविवारच्या जेवणाच्या वेळी, गॅसचा मीटर बघायला एक अनोळखी माणूस आला. श्टेपानबाबांनी त्याला बसवलं, आणि त्याच्यापुढे चकती टाकली.

मीटरवाल्यापुढे.

रादोवान रात्रभर छताकडे बघत होता. सकाळी दात घासता घासता त्याने बायकोला सांगितलं, "मी बिअर करणार आहे. घरी. सव्वीस डिसेंबरला, संत श्टेपानच्या दिवशी, म्हणजे बाबांच्या नामदिनाला त्यांच्यापुढे ठेवणार."

ल्युबा तोंडातला फेस थुंकून म्हणाली, "हा फुंकू नकोस म्हणजे झालं."

आता बिअर करायचं तयार सामान दुकानात मिळतं, चकचकीत, पोलादी, बटणांचं. रादोवानने ते काचेतून पाहिलं, किंमतही पाहिली, आणि दुकानदाराला "विचार करतो" म्हणून तो घरी आला. घरात काय कमी होतं? थर्मोस्टॅटचं मोठं पातेलं होतं, ज्यात ल्युबा दर ऑगस्टला शेपू घालून काकड्यांचं लोणचं बाटल्यांत बंद करायची. बहिणीच्या शेतघरात पोलादी पिंप पडून होतं. जुन्या बॉयलरची तांब्याची नळी होती. ती त्याने केरसुणीच्या दांड्याभोवती गुंडाळून तिची स्प्रिंगसारखी कमान केली, उकळता रस गार करायला. कमान इतकी सुरेख झाली की तो दोन दिवस येता-जाता तिच्याकडे बघत होता. केरसुणी मात्र तिच्यातून कधीच निघाली नाही.

राहिलं माल्ट भरडणं. मोड आणून वाळवलेले जव, सहा किलो. भरडायला घरात एकच यंत्र, खसखस दळायची हातगिरणी. नाताळच्या खसखशीच्या रोलसाठी प्रत्येक घरात असते ती. तिच्यात एका वेळी मूठभर मावतं. रादोवानने तीन संध्याकाळी दांडा फिरवला. चौथ्या दिवशी कचेरीत त्याला सही करता येईना आणि वरिष्ठांना वाटलं हा कामचुकारपणाचा नवीन प्रकार आहे.

हे सगळं अर्थातच गुप्त होतं. बिघडली तर कुणाला कळायला नको. म्हणून रादोवानने फक्त एकाच माणसाला सांगितलं, खालच्या मजल्यावरचे वोंड्रौश, आणि तेही शपथ घालून. वोंड्रौशांनी छातीवर हात ठेवला. "थडग्यात नेईन, शेबेस्ता. बरं, माल्ट पिळणार कशाने?"

"पिळणार? गाळणार. जुना पडदा आहे."

"पडद्यातून निम्मा रस वाया जातो. माझ्याकडे कपडे पिळायचं जुनं यंत्र आहे, आईचं. ते वापर. माझ्या मेव्हण्याने वापरलं होतं."

"मग कशी झाली त्याची बिअर?"

"तो द्राक्षासव करत होता," वोंड्रौश म्हणाले, "पण तत्त्व एकच."

वोंड्रौशांच्या मेव्हण्याबद्दल एक स्वतंत्र ग्रंथ होईल. जगात असं एकही काम नाही जे त्या मेव्हण्याने केलं नाही, आणि असं एकही नाही जे नीट केलं. तूर्तास एवढं पुरे, की यंत्र वर आलं.

आणि मग रादोवानला आठवलं, की घरी बिअर करण्याआधी कस्टम कचेरीला कळवावं लागतं.

दुसरा कुणी असता तर त्याने चार ओळी खरडून टाकल्या असत्या. पण रादोवान स्वतः सरकारी कचेरीतला. त्याने स्वयंपाकघराचा नकाशा काढला. एकास पन्नास या प्रमाणात, उत्तर दिशा दाखवून, पातेलं लाल रंगात. टाय लावून तो खिडकीपाशी गेला. खिडकीत चष्मा नाकाच्या टोकाशी आणलेल्या बाई होत्या, पाटीवर नाव होतं सौ. क्रेहलिकोव्हा. त्यांनी नकाशा उलटा धरला, सुलटा धरला.

"हे काय आहे?"

"उत्पादनाची जागा, मॅडम."

"नकाशा कुणी मागितला?"

"कुणी नाही. माहितीसाठी."

ही फार मोठी चूक झाली. नकाशा नसता तर बाईंनी शिक्का मारला असता. पण नकाशा होता, आणि जे दाखवलंय त्याबद्दल विचारणं बाईंचं कर्तव्य होतं. "रस गार कुठे करणार? आंबवणार कुठे?"

"बाथरूममध्ये. टबात गार पाणी भरून त्यात पिंप."

"बाथरूम नकाशात नाही."

"नाही."

"मग नकाशा अपुरा आहे," बाई म्हणाल्या, आणि तो खिडकीबाहेर सरकवला. वाईट याचं वाटलं, की त्या बरोबर होत्या. अपुऱ्या नकाशांसाठी रादोवान स्वतः लोकांना परत पाठवायचा, आणि ते करताना त्याला किती शांत वाटायचं ते त्याला चांगलं आठवत होतं.

दुसऱ्या खेपेला बाथरूम होती, पण टब हा भांडं की जागा यावर बाईंना वरिष्ठांना विचारावं लागलं. वरिष्ठ गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर. तिसऱ्या खेपेला वरिष्ठ लंगडत आले, नकाशा पाहिला, आणि म्हणाले, "यांना पाठवा हो घरी. किती सुंदर नकाशा आहे." शिक्का बसला तेव्हा डिसेंबरची पाच तारीख उजाडली होती. चांगल्या बिअरला चाळीस दिवस लागतात. रादोवानकडे एकवीस होते.

"एकवीस दिवसांत कोंबडीचं पिल्लू होतं," ल्युबाने धीर दिला.

त्या शनिवारी स्वयंपाकघरात काय झालं ते भिंतींना विचारावं. रस उकळला तोवर सगळं ठीक होतं. मग रादोवानने उरलेला ओला माल्ट पिळायच्या यंत्रात भरून बटण दाबलं. यंत्र आधी थरथरलं, मग चालायला लागलं. चालायला म्हणजे खरोखर, पायांनी चालावं तसं, फ्रिजकडे. रादोवान त्याला मिठी मारून बसला. रस नळीतून बादलीत यायचा तो झाकणाच्या फटीतून भिंतीवर, छतावर आणि वोंड्रौशांच्या टकलावर गेला, कारण वोंड्रौश मार्गदर्शन करायला आले होते.

"तोल सांभाळायला हवा होता," ते चेहरा पुसत म्हणाले. "मेव्हण्याचंही असंच झालं होतं."

तरीही रात्रीपर्यंत पस्तीस लिटर गोड, कडवट, तपकिरी रस पिंपात गेला, यीस्ट पडलं, झाकण बसलं, झाकणातून निघालेली नळी पाण्याच्या बाटलीत बुडाली आणि पिंप टबातल्या गार पाण्यात विराजमान झालं. दोन दिवसांनी नळी बोलू लागली. ब्लुप. रादोवान कमोडच्या झाकणावर बसून ऐकत राहिला. ब्लुप. आपल्या मुलाने पहिला शब्द उच्चारावा तसं त्याला झालं.

पिंप टबात म्हणजे आंघोळ नाही. रादोवान आणि ल्युबा रोज टॉवेल घेऊन खाली वोंड्रौशांकडे जायचे. मोबदल्यात सल्ले ऐकावे लागायचे. साबण लावलेल्या माणसाला पळून जाता येत नाही, हे वोंड्रौशांनी ओळखलं होतं आणि ते दाराबाहेर स्टूल टाकून बसत.

आता खरी मेख तापमानाची. पाणी आठ अंशांवर राहिलं पाहिजे. वर गेलं तर बिअरला केळ्यासारखा वास येतो, खाली गेलं तर यीस्ट झोपतं. बाल्कनीत ठेवावं तर उणे बारा. रादोवानने बाल्कनीत पाण्याच्या बाटल्या गोठवल्या आणि सकाळ-संध्याकाळ एकेक टबात सोडू लागला. सकाळी नऊ, संध्याकाळी बारा, दुसऱ्या दिवशी पाच. आलेखाच्या कागदावर त्याने रेघ काढली ती आल्प्स पर्वतासारखी दिसत होती. त्याला आकाराची लाज वाटली. भूमापकाला पर्वत कुठे असावेत ते कळतं.

आणि वीस तारखेला कार्प आला.

रादोवान विसरला होता. संपूर्ण विसरला होता. दरवर्षी वीस तारखेला श्टेपानबाबा चौकातल्या मासेवाल्याच्या पिंपातून जिवंत कार्प निवडतात, ओल्या पिशवीत घालून लेकीकडे आणतात आणि टबात सोडतात. मातीचा वास जाईस्तोवर तो तीन दिवस स्वच्छ पाण्यात पोहतो, मग नाताळच्या आदल्या संध्याकाळी तळून, बटाट्याच्या सॅलडबरोबर. टबात कार्प नसेल तर तो नाताळच नाही. बेल वाजली, आणि दारात सासरे, आणि पिशवी शेपूट हलवत होती.

"बाबा, थांबा जरा," रादोवान म्हणाला, आणि धावला. एका उडीत त्याने आंघोळीचा पडदा पिंपावर टाकला. मागे वळला तर श्टेपानबाबा दारातच.

"इंजिनियरसाहेब, टबात काय आहे?"

"कपडे भिजत घातलेत, बाबा."

ब्लुप, पडदा म्हणाला.

श्टेपानबाबांनी मान तिरकी करून ऐकलं. "कपड्यांना पोट बिघडल्यासारखं वाटतंय."

"जाड कपडे आहेत."

"हं." त्यांनी पिशवी टबात बुडवली. तीन किलोंचा कार्प बाहेर आला, पिंपाला एक चक्कर मारून कोपऱ्यात थांबला आणि पडद्याकडे संशयाने बघू लागला. दारावर आतून आलेख टांगलेला होता. श्टेपानबाबांनी चष्मा चढवला. "आणि हे?"

रादोवानच्या आयुष्यात चपळ उत्तराचे प्रसंग थोडे. हा एक. "कार्पचं तापमान."

"कार्प तर मी आत्ता आणला."

"पूर्वतयारी, बाबा."

श्टेपानबाबांनी त्या आल्प्सकडे बराच वेळ पाहिलं. "बिचारा कार्प," ते म्हणाले, आणि कोट घालून निघून गेले.

त्या दिवसापासून मात्र चमत्कार घडला. रेघ सरळ झाली. एकवीसला आठ. बावीसला सकाळी आठ, संध्याकाळी आठ. ज्या माणसाला पंधरा दिवस अंश-दोन अंश सांभाळता आले नव्हते त्याची रेघ आता पट्टीने मारल्यासारखी. रादोवानने कारणमीमांसा केली. कार्प पोहतो, पोहल्याने पाणी ढवळतं, ढवळल्याने गारवा समान पसरतो. निसर्ग आणि विज्ञान यांचा मिलाफ. त्याने वोंड्रौशांना जिन्यात अर्धा तास समजावलं.

"मेव्हण्याला हे सांगितलं पाहिजे," वोंड्रौश म्हणाले, आणि का कोण जाणे, जिना उतरताना त्यांचे खांदे हलत होते.

एकच कटकट होती. श्टेपानबाबा रोज कार्प बघायला येऊ लागले. रादोवान कचेरीत असताना दुपारी, तो घरी असला तर संध्याकाळी. बाथरूममध्ये शिरायचे, कडी लावायचे, अर्धा तास बाहेर येत नसत. घरी असला की रादोवान दाराला कान लावून उभा राही. पण पडदा जागच्या जागी, आणि सासरे बाहेर येऊन एवढंच म्हणायचे, "बरा आहे."

"इतकं काय बघता हो बाबा त्याच्यात?" ल्युबाने विचारलं.

"वय झालं. कुणाशी तरी बोलावंसं वाटतं."

ल्युबाला भरून आलं. रादोवानलाही आलं असतं, पण त्याचं सगळं लक्ष पडद्याकडे होतं.

तेवीसला बाबांनीच कार्प कापला. चोवीसला तो ताटात आला, आणि चव अशी समाधानी लागली की ल्युबा म्हणाली, याला शेवटचे दिवस तरी चांगले गेले. पंचवीसला दुपारी बेल वाजली. दारात श्टेपानबाबा.

"कार्प बघून जातो."

ल्युबा त्यांच्याकडे बघत राहिली. "बाबा, काल रात्री दोन तुकडे खाल्लेत तुम्ही त्याचे."

श्टेपानबाबांनी कोट खुंटीला टांगला. "माहितीय," ते म्हणाले. "जागा बघून जातो." आणि आत जाऊन कडी लावली.

ल्युबा त्या रात्री रादोवानला म्हणाली, बाबांना डॉक्टरला दाखवायला हवं. रादोवानने मान हलवली, पण त्याच्या डोक्यात उद्या होता. रात्री दोनदा तो उठला आणि पिंपापाशी जाऊन बसला. बिघडली असेल तर तो काही बोलणार नव्हता. वाइनचा ग्लास पुढे ओढून घेणार होता, अठरा वर्षं घेतला तसा, पुढची अठरा.

सव्वीसला श्टेपानबाबा पांढरा शर्ट घालून आले. केक कापला, वोंड्रौशांनी नामदिनाच्या शुभेच्छा दिल्या, मग सगळे टेबलाशी बसले. खिशातून चकत्या निघाल्या. स्वतःला एक, ल्युबाला एक, वोंड्रौशांना एक. हात थांबला. पिशवीतून वाइनची बाटली निघाली, ग्लास निघाला.

"बाबा," रादोवान उभा राहिला. "आज तुमच्यासाठी मी एक आणलंय."

तो आत गेला आणि पिंपाच्या तोटीतून मग भरून आणला. रंग मधासारखा, वर तीन बोटं फेस, गच्च, पांढरा, सायीसारखा. त्याने मग सासऱ्यांच्या चकतीवर ठेवला आणि हात मागे बांधून उभा राहिला, कस्टमच्या खिडकीपाशी उभा राहिला होता तसा.

श्टेपानबाबांनी मग उजेडात धरला. हुंगला. प्यायले. मिशीला फेस तसाच ठेवून विचार करू लागले.

"शेपूचा वास आहे."

"पातेलं लोणच्याचं होतं," ल्युबा म्हणाली.

"माल्ट पीठ झालंय, भरडलेलं नाही. खसखशीची गिरणी?"

रादोवानने मान खाली घातली.

आणखी एक घोट. "कडवटपणाची ती हॉप्सची फुलं उशिरा टाकलीत. आणि पिळलंय का हो कुणी हे? कुठल्या गाढवाने सांगितलं पिळायला?"

वोंड्रौश खिडकीबाहेर बघू लागले.

"एकवीस दिवस म्हणजे अजून पोर आहे ही," श्टेपानबाबा म्हणाले, आणि प्यायले. "आणि त्या बावीस तारखेला तुमच्या माशाने बुचाची साखळी ओढली. पाणी सगळं गेलं. दुपारी तो आडवा पडून माझ्याकडे बघतोय, आणि पिंप चौदा अंशांवर. मी भरलं परत. बाल्कनीतल्या बाटल्या संपल्या होत्या, म्हणून खाली जाऊन बादलीने बर्फ आणला. दोनदा. या गुडघ्यांनी."

ल्युबाने केकची सुरी खाली ठेवली.

"तुम्हाला," रादोवान म्हणाला, "केव्हापासून माहीत होतं?"

"गुरुवारी आम्ही पत्ते खेळतो ना, वोंड्रौश आणि मी. ऑक्टोबरपासून." त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पितळेच्या नळीतला एक लांब थर्मामीटर काढला. एकेचाळीस वर्षं तळघरात फिरून पितळ बोटांच्या आकाराला झिजलं होतं. "सकाळी आठ, संध्याकाळी आठ. तू ते कार्पच्या नावावर लिहीत होतास. मला बरं वाटलं नाही ते."

रादोवान खुर्चीत बसला. सरळ रेघ. निसर्ग आणि विज्ञानाचा मिलाफ. जिन्यात त्याने अर्धा तास समजावलं होतं. कानापर्यंत लाल होत तो पुटपुटला, "म्हणजे माझी नव्हेच ती. तुमचीच बिअर झाली."

"माझी?" श्टेपानबाबांना खरोखर राग आला. "शेपूचा वास येणारी बिअर माझी? एकेचाळीस वर्षांत असली एकही बॅच माझ्या हातून बाहेर पडली नाही. हिच्यात चुका आहेत त्या सगळ्या तुझ्या आहेत. मी फक्त गार ठेवली."

त्यांनी मग टेबलावर ठेवला. तो रिकामा होता. बोलता बोलता कधी संपला ते कुणालाच कळलं नव्हतं, बहुधा त्यांनाही नाही.

मग त्यांनी वाइनचा ग्लास दांडीला धरून उचलला आणि ल्युबाच्या हातात दिला. "हा कपाटात ठेव. मागे." खिशात हात घातला, चाचपडलं, आणि एक चकती काढून जावयापुढे टाकली. कडेला दुमडलेली होती, खिशात फार दिवस राहिल्यासारखी.

"दोन आण," ते म्हणाले. "अजून निम्म्या चुका सांगायच्या राहिल्यात."

रादोवानने दोन मग आणले. स्वतःचा त्या चकतीवर ठेवला आणि बसला. फेस नाकापर्यंत आला होता. सगळे त्याच्या ओठांकडेच बघत होते.

त्याने श्वास रोखून धरला आणि मग तोंडाला लावला.